टेन्शन घरात कोंडू नका
१० ते १६ ऑक्टोबर : सात दिवस, सात कामं



जीएनएमचा कोर्स करून मी नोकरीला लागले तेव्हा वय बावीस होतं. एका रात्रपाळीला पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका बाईला जीपमध्ये टाकून आणलं. जीव द्यायला निघाली होती. आम्ही रात्रभर धावपळ केली, बाई वाचली. सकाळी सलाईन बदलताना मी तिला म्हटलं, "दोन लेकरं आहेत तुले, त्यायचा विचार नाही आला? लाज नाही वाटली?" तिनं तोंड भिंतीकडे केलं. चार दिवसांनी तिला सुट्टी झाली. हे का केलं, घरी काय चाललंय, झोप लागते का, असं आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही. सात महिन्यांनी कळलं की ती गेली.

मनाच्या आजाराचा विषय कोर्सला होता. पेपर लिहिला आणि विसरले. "तुले काय होऊन रायलं, बाई?" एवढं विचारायला शिकायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हा पाठ.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून तो जगभर पाळतात. १४ ऑक्टोबर नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस आणि १६ ऑक्टोबर आपल्या चांद्याच्या. १० पासून १६ पर्यंत मोजले तर बरोबर सात दिवस होतात. या दिवसांत वस्तीत पाहुणे असतात, विहारात बाया जमतात, गावाकडची माणसं भेटतात. तेव्हा रोज एकच काम करायचं. अर्धा तास पुरतो.

आधी एवढं समजून घ्या

आपल्या वस्तीत "मला नैराश्य आलंय" असं कोणी म्हणत नाही. बाई म्हणते, "डोकं दुखून रायलं", "जेवण जात नाही", "छातीत धडधड होते". माणूस म्हणतो, "टेन्शन आहे", आणि उठून बाहेर निघून जातो. पोरगं काहीच म्हणत नाही, मोबाईल घेऊन पडून राहतं.

टेन्शनची कारणं आपल्याकडे कमी नाहीत. धान हाती लागत नाही, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आईबापाच्या मागे लेकरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. पोलीस भरतीत दोन-तीनदा नापास झालेला पोरगा बापाच्या समोर जेवायला बसत नाही. सिकलसेलचं लेकरू दर महिन्याला दुखण्यानं रडतं आणि त्याच्यासोबत आई रात्र रात्र जागते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघानं मारलं. पण पोट आहे, म्हणून बाकीच्या बायांना जंगलात जावंच लागतं. आणि जातीवरून झालेला अपमान तर शाळेपासून कामाच्या ठिकाणापर्यंत पाठ सोडत नाही.

यातलं कोणतंही कारण म्हणजे तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. कारण बाहेर असलं, तरी त्याचा मार मनावर आणि अंगावर पडतो. म्हणून दोन्ही करायचं. अन्यायाविरुद्ध लढायचं आणि आजारावर उपचारही घ्यायचा. मोर्चा आहे म्हणून आपण तापाची गोळी टाळत नाही.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं देशभर पाहणी केली. दर दहा मोठ्या माणसांमागे साधारण एकाला त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हता. म्हणजे तीस घरांच्या वस्तीतही असे बरेच जण निघतील. ते आहेत, फक्त बोलत नाहीत.

हे बदलता येतं का? येतं. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केलं. ती घरोघर जाऊन टेन्शनविषयी बोलली, ऐकलं, गरज असेल त्यांना डॉक्टरपर्यंत पोचवलं. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे मदतीला जात होते. दीड वर्षानंतर सत्तावीस जण जाऊ लागले. जीव द्यावासा वाटतो असं सांगणारेही शंभरात पाचावरून अडीचवर आले. हे काम गावातल्या माणसांनी केलं. आपल्या बचत गटातली, महिला मंडळातली बाईही ते करू शकते.

१० ऑक्टोबर : दोन प्रश्न विचारा

पहिल्या दिवशी स्वतःला आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दोन प्रश्न विचारा.

एक : गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का?
दोन : ज्या कामात, ज्या माणसांत आधी मन रमायचं, तिथं आता काहीच नको वाटतं का?

दोन्हीपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढे विचारा. झोप कशी आहे? भूक? काम उरकतं का? थकवा जातच नाही असं होतं का? आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटतं का? दुःख सगळ्यांनाच होतं. ते येतं, ओसरतं, मधूनच हसूही येतं. पण पंधरा दिवस उलटले, झोप-भूक बिघडली आणि रोजचं काम होईना, तर आजार समजा आणि दवाखान्याचा रस्ता धरा.

तीन जणींकडे जास्त लक्ष द्या : नुकती बाळंत झालेली, नुकतंच घरातलं माणूस गेलेली, आणि नवऱ्याचा मार खाणारी. बाळंतिणीला लेकराकडे बघावंसं वाटत नसेल, सारखं रडू येत असेल, तर "नखरे करते" म्हणू नका. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा नेहमी आढळणारा आजार आहे आणि उपचारानं तो बरा होतो.

११ ऑक्टोबर : एकाचं ऐका, एकाला सांगा

बाबासाहेबांचा लाडका मुलगा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात गेला. त्याच्या आधी तीन लेकरं गेली होती. त्यानंतर बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. चार लेकरं मातीआड केल्याचं, जगण्यातली गोडीच गेल्याचं त्यांनी त्यात मोकळेपणानं लिहिलं. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच माणसानं.

आपण पोरांना सांगतो, "वाघासारखा राह्य, रडू नको." पण बाबासाहेबांनी आपलं दुःख मित्राला सांगितलं आणि त्यानं ते लहान झाले नाहीत. आज आपल्या मनातली एक गोष्ट एका भरवशाच्या माणसाला सांगा. बहीण असेल, मामी असेल, शेजारची काकू असेल.

ऐकणाऱ्यानं काय करायचं? मोबाईल बाजूला ठेवायचा. मधे तोंड घालायचं नाही. "मोठं मन कर", "तुयापेक्षा वाईट लोकं आहेत", "विसरून जा", ही तीन वाक्यं बोलायची नाहीत. "किती दिवसांपासून होऊन रायलं?" "रात्री झोप लागते का?" "मी काय करू तुझ्यासाठी?" हे विचारायचं. आणि ऐकलेलं पाण्याच्या टाकीवर सांगायचं नाही. एकदा बोभाटा झाला की ती बाई परत कधी तोंड उघडणार नाही.

१२ ऑक्टोबर : झोप, जेवण, चालणं, श्वास

मन शरीरातच राहतं. शरीराची हेळसांड झाली की मन आधी कुरकुरतं.

झोपायची आणि उठायची वेळ ठरवा. झोपण्याआधी तासभर मोबाईल बंद. संध्याकाळनंतर काळा चहा नको. दिवसातून एकदा तरी घरातल्या सगळ्यांनी सोबत जेवा, म्हणजे कोण जेवत नाही ते दिसतं. रोज अर्धा तास चाला. मजुरीवर राबणाऱ्या बाईला मी चालायला सांगणार नाही. तिला अर्धा तास बसायला मिळालं पाहिजे, आणि ते घरच्यांनी द्यायचं.

खऱ्र्याचं बोलू. "टेन्शन आलं की खर्रा लागतो" असं आपल्या जिल्ह्यात लहानथोर सगळेच म्हणतात. खर्रा खाल्ल्यावर जे बरं वाटतं, ती तंबाखूची तलफ भागलेली असते. थोड्या वेळानं तलफ परत येते, चिडचिड वाढते, धडधड वाढते. टेन्शन होतं तिथंच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र वाढतो.

विहारात आनापान शिकला असाल तर सकाळी दहा मिनिटं शांत बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघा. विचार आले तर येऊ द्या, परत श्वासाकडे या. पण एक सांगते. ज्याला कानात आवाज येतात, कोणी मारायला टपलंय असं वाटतं, किंवा डोळे मिटले की जास्तच घाबरं होतं, त्याला ध्यानाला बसवू नका. त्याला दवाखान्यात न्या. ध्यान ही सवय चांगली आहे, पण ती गोळीच्या जागी चालत नाही.

१३ ऑक्टोबर : भगताकडे नाही, दवाखान्यात

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी भानामती केल्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. मार खाणारे दलित घरातले होते, त्यात म्हातारी माणसंही होती. गावातल्या काही बाया अंगात आल्यासारखं करत होत्या, त्यांनी नावं घेतली आणि गाव पेटलं. अशा बायांना काय त्रास आहे हे वेळीच डॉक्टरनं पाहिलं, तर त्यांचं दुखणं कमी होतं आणि दुसऱ्याची पाठही वाचते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. भूत उतरवायला मारणं, बांधणं, डाग देणं हा गुन्हा आहे.

आपण देव-अंगारे सोडले असं म्हणतो. पण घरातल्या पोरीला चक्कर आली, ती असंबद्ध बोलू लागली, की रात्री गुपचूप भगताकडे कोण जातं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. लाज वाटते म्हणून जातो. दवाखान्यात गेलं तर "पागल" म्हणतील, लग्न होणार नाही, ही भीती असते. यात महिने जातात आणि आजार मुरतो.

कुठे जायचं ते लिहून ठेवा :

आशाताईला विचारा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, तालुक्याला पथक कधी येतं, हे ती विचारून सांगेल.

जायला जमत नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रेंज नसलेल्या गावात असाल तर आठवडी बाजाराला गेलात की तिथून लावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड नसलं तरी, सरकारी ठिकाणी हा उपचार फुकट मिळाला पाहिजे. तुमचा आजार गुप्त ठेवणं दवाखान्याला बंधनकारक आहे. रुग्णाला साखळीनं बांधायला कायद्यानं मनाई आहे. कोणी टाळाटाळ केली तर हे सांगा.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि बरं वाटायला लागल्यावरही मनानं बंद करू नका. ती बहुधा सहा महिने किंवा जास्त घ्यावी लागते, कमी करायची ती डॉक्टरला विचारून. नैराश्याच्या गोळीचं दारूसारखं व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळीचं लागू शकतं, म्हणून ती मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका.

१४ ऑक्टोबर : दारूचं खरं बोला

बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षं लढून, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी जाऊन ती मागितली. २०१५ मध्ये मिळाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, दारू वस्तीत येतेच. तेव्हा घरात काय करायचं ते कळलं पाहिजे.

पुष्कळ माणसं झोप येत नाही, कर्ज आठवतं, अपमान आठवतो म्हणून पितात. दारूनं डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप उडते, आणि उदासी दुप्पट होते. दारूड्याला शिव्या देऊन दारू सुटली असं मी आजवर पाहिलं नाही. शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, "तुमची दारू आणि तुमचं टेन्शन, दोन्हीवर उपचार करू, चला" असं सांगा. पण मारहाण सहन करणं हा उपचाराचा भाग नाही. मार पडत असेल तर ११२ लावा.

एक धोका सगळ्यांनी पाठ करा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली, तर पुढच्या एक ते तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात. यात जीवही जातो. अशा माणसाची दारू घरात कोंडून सोडवू नका. दवाखान्यात दाखल करून सोडवा.

१५ ऑक्टोबर : "जीव नकोसा वाटतो का?"

हा दिवस सगळ्यात अवघड. पण माझ्या त्या पेशंटसाठी हा दिवस मी सोडणार नाही.

"आता काय राहिलं", "माझ्यामागे लेकरांकडे बघा", "सुटका हवी" असं कोणी बोलू लागलं, आपल्या वस्तू वाटू लागलं, किंवा बरेच दिवस उदास असलेलं माणूस अचानक निरोप घेतल्यासारखं वागलं, तर सरळ विचारा : "तुले जीव द्यावासा वाटते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच तिथं असतो. विचारणारं भेटलं की माणसाला सुटल्यासारखं होतं.

उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आणि घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. १४४१६ लावा. धोका समोर दिसत असेल तर १०८ ची गाडी बोलवा. दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही महिने फार नाजूक असतात. त्या काळात कोणीतरी रोज भेटलं पाहिजे. तेव्हा आम्ही ते केलं नाही.

पोलिसांची भीती वाटून लोक दवाखाना टाळतात. २०१७ चा कायदा म्हणतो की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नको, त्याची काळजी घ्यायची. तेव्हा घाबरू नका, आणा.

१६ ऑक्टोबर : वस्तीचं काम वस्तीनं

आज दीक्षाभूमीवर जाल. गर्दीतून परतल्यावर विहारात अर्धा तास थांबा आणि तीन गोष्टी ठरवा.

एक, वस्तीतल्या दोन बाया आणि एक पुरुष 'ऐकणारे' म्हणून ठरवा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे. दोन, विहाराच्या भिंतीवर १४४१६ मोठ्या अक्षरात रंगवा. तीन, वाघाच्या हल्ल्यातलं, अपघातातलं किंवा जीव दिलेल्या माणसाचं घर असेल, तर तेराव्या दिवसानंतरही तिथं जात राहा. सुरुवातीला सगळे येतात. महिन्याभरानं घर रिकामं होतं आणि खरं दुःख तेव्हा सुरू होतं. जंगलातला प्रसंग पाहिलेल्या बाईला किंवा लेकराला महिना उलटूनही स्वप्नं पडत असतील, दचकून उठत असेल, घराबाहेर पाऊल टाकत नसेल, तर डॉक्टरला दाखवा.

विहारात वाचून झाल्यावर बोलायला प्रश्न

१. आपल्या घरात टेन्शन आल्यावर कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं?
२. गेल्या वर्षी आपण कोणाला "नाटकं करते" म्हटलं? आज तिला काय विचाराल?
३. आपल्या वस्तीतून मनाच्या दवाखान्यात जायला किती पैसे, किती वेळ लागतो? सोबत कोण जाईल?

१६ तारखेला मी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत असेन. कोणाला काही सांगायचं असेल तर बाजूला घेऊन सांगा. मी आधी ऐकेन.

जय भीम.